नुसतं ‘फिरायला जा’ पुरत नाही

फायब्रोमायल्जिया झालेली बाई दवाखान्यातून घरी येते तेव्हा तिच्याबरोबर बहुधा दोन वाक्यं येतात. एक, ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत.’ दुसरं, ‘टेन्शन घेऊ नका, रोज थोडं फिरायला जात जा.’ पहिलं वाक्य तिच्या दुखण्याचा पुरावा काढून घेतं आणि दुसरं उपचाराचा सगळा भार तिच्यावरच टाकतं. मन अस्वस्थ होतं ते यामुळे, की दोन्ही वाक्यं खरी आहेत. रिपोर्ट खरोखरच नॉर्मल असतात आणि चालण्याने या आजारात खरोखरच फरक पडतो. तरीही महिनाभराने ती बाई होती तिथेच असते, फक्त आणखी थोडी खचलेली. चालणं, झाडं, सोबत, श्वासाकडे लक्ष, दुखण्याची नीट समज हे फायब्रोमायल्जियावरचे खरेखुरे उपचार आहेत, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच ते उपचारासारखे दिले गेले पाहिजेत: मात्रा ठरवून, माणूस नेमून, जागा देऊन, खर्च उचलून. नुसता सल्ला म्हणून हातावर ठेवले, की ते वाया जातात.

आधी दुखण्याबद्दल. अंगभर पसरलेली आणि तीन महिन्यांहून अधिक टिकलेली वेदना. रात्रभर अंथरुणात काढूनही सकाळी कुणी कुटून काढल्यासारखं उठणं. जिना चढण्याआधीच आलेला थकवा. स्वयंपाकघरात गेल्यावर आपण कशासाठी आलो होतो तेच न आठवणं. त्यात पोट बिघडतं, डोकं दुखतं, मोठा आवाज आणि झगझगीत उजेड नकोसा होतो. पुरुषांनाही हा आजार होतो, पण निदान झालेल्यांत बायका पुष्कळ जास्त. १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने तो ओळखण्याची एक रीत घालून दिली. शरीरावरचे १८ ठरावीक बिंदू दाबून पाहायचे आणि त्यांतले निदान ११ दुखले, तर फायब्रोमायल्जिया. २०१० मध्ये ते बिंदू बाजूला ठेवण्यात आले. वेदना किती ठिकाणी आहे, झोप कशी लागते, थकवा किती, विसर किती पडतो, हे रुग्णाला विचारून मोजायची पद्धत आली. म्हणजे रुग्णाचं बोलणं हीच तपासणी झाली. आणि आपल्या गर्दीच्या ओपीडीत नेमकं ऐकून घ्यायलाच वेळ नसतो.

रिपोर्ट नॉर्मल का येतात? रक्ताची चाचणी, एक्स-रे, एमआरआय हे सगळे स्नायू, हाडं, सांधे यांत कुठे नासधूस झाली आहे का ते शोधतात. इथे बिघाड वेदनेचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत असतो. २००२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं घेऊन अंगठ्याच्या नखावर मोजून मापून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. निरोगी माणसाला जेमतेम जाणवेल एवढ्या दाबाला रुग्णांच्या मेंदूत वेदनेशी निगडित अनेक भाग जागे झाले. निरोगी माणसांच्या मेंदूत तसंच चित्र उमटायला बराच जास्त दाब द्यावा लागला. शेताच्या माचाणावर बसलेला जागल्या पान हललं तरी डुक्कर आल्याची हाकाटी करू लागला, तर सगळं गाव रात्रभर जागंच राहणार; शेतात मात्र सकाळी एकही ताट मोडलेलं सापडायचं नाही. या बायकांच्या मज्जासंस्थेचं तसं झालेलं असतं. हाकाटी खरी, जाग खरी, थकवा खरा. शोधायला जावं तर नुकसान दिसत नाही.

या यंत्रणेला चिथावणी अनेक बाजूंनी मिळते. टोरांटोच्या हार्वी मोल्डोफ्स्की यांनी १९७०च्या दशकात धडधाकट स्वयंसेवकांची फक्त गाढ झोप आवाज करून मोडली, त्यांना पूर्ण जागं न करता. थोड्याच दिवसांत त्या माणसांचे स्नायू दुखू लागले, दाबल्यावर हुळहुळू लागले, अंगात त्राण उरलं नाही. २०२१ मध्ये इंग्लंड आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली, तर उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त हळवे झाले. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी तसं काही झालं नाही. हे निष्कर्ष अजून पडताळले जात आहेत, पण ‘सगळं मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना एवढं तरी विचारता येतं, की उंदराच्या मनात कोणते खेळ चालले होते?

आता औषधांकडे. मी औषधांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. रात्री कमी मात्रेत घेतलेल्या अॅमिट्रिप्टिलिनने झोप सुधारलेल्या बायका आहेत, ड्युलॉक्सेटिनने दिवस सुसह्य झालेल्या आहेत. चालू असलेली अशी गोळी लेख वाचून एकाएकी बंद करणं धोक्याचं असतं. ते डॉक्टरांना विचारूनच करावं. पण या औषधांचा आवाकाही समजून घेतला पाहिजे. अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये प्रीगॅबालिन, २००८ मध्ये ड्युलॉक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नॅसिप्रॅन या आजारासाठी मान्य केलं. त्याच काळात युरोपच्या औषध नियामक संस्थेने तिन्हींना या आजारासाठी मान्यता नाकारली, कारण मिळणारा फायदा तिला जोखमीच्या तुलनेत तोकडा वाटला. प्रीगॅबालिनच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर खोट्या गोळीच्या तुलनेत दहांत साधारण एकाच जास्तीच्या रुग्णाला भरीव आराम मिळतो. ज्या एकीला मिळतो तिच्यासाठी ते फार मोठं आहे. उरलेल्या नऊजणींचं काय, हा प्रश्न मात्र राहतो.

युलार या युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये आपल्या शिफारशी सुधारल्या. त्या सगळ्या यादीत ‘जोरदार शिफारस’ एकाच उपायाला मिळाली: व्यायाम. काही औषधं, मानसोपचार, कोमट पाण्यातले उपचार, योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), अॅक्युपंक्चर, अनेक उपाय एकत्र गुंफलेले कार्यक्रम या सर्वांना ‘सौम्य शिफारस’. इंग्लंडच्या नाइस संस्थेने तर एप्रिल २०२१च्या मार्गदर्शिकेत अशा प्रकारच्या जुनाट वेदनेसाठी पॅरासिटामॉल, सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्या, अफूवर्गीय औषधं आणि प्रीगॅबालिनसारखी औषधं नव्याने सुरू करू नयेत असंच सांगितलं आणि देखरेखीखालचा गटातला व्यायाम पुढे ठेवला. आपल्याकडे मात्र यादी उलट्या बाजूने वाचली जाते. चिठ्ठीवर सगळ्यात ठळक अक्षरात वेदनाशामक, आणि निघता निघता तोंडी सांगितलेला व्यायाम.

तोंडी सांगितलेला व्यायाम फसतो कसा, हे पाहण्यासारखं आहे. बाई उत्साहाने पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं चालते. दुसऱ्या दिवशी अंग असं धरतं की उठवत नाही. तिसऱ्या दिवशी कामावर जावंच लागतं. चौथ्या दिवशी तिच्या मनात पक्कं बसतं, की चालणं आपल्याला बाधतं. याच्याही आधीपासून तिचं एक चक्र चालू असतं: जरा बरं वाटलं की आठवड्याची तुंबलेली सगळी कामं एका दिवसात उपसायची, मग तीन दिवस निपचित पडायचं. या आजारात व्यायामाची मात्रा औषधाच्या मात्रेहून नाजूक आहे. सुरुवात पाच-सात मिनिटांपासून असू शकते. चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही, वाईट दिवशी अगदी शून्यावर यायचं नाही, आणि वाढ आठवड्याआठवड्याने, कळेल न कळेल इतकी. दुखणं थोडं वाढलं म्हणजे इजा झाली असं नसतं, हे कुणीतरी अनुभवी माणसाने शेजारी चालत सांगावं लागतं. चाळीस मिनिटं चालून आडवी झालेली बाई आळशी नसते. तिला मात्रा न सांगता औषध दिलेलं असतं.

बार्सिलोनातल्या वाल द’एब्रोन रुग्णालयात झालेलं काम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. हे शहरातलं मोठं सार्वजनिक रुग्णालय, कोल्सेरोलाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. तिथे अशा अतिसंवेदनशील वेदना-आजारांसाठी वेगळा विभाग आहे. मायते सेर्रात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘फायब्रोवॉक’ नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्यात चार गोष्टी एकत्र विणल्या होत्या: वेदना शरीरात तयार कशी होते याचं शिक्षण, बेताने वाढवलेला व्यायाम, विचार आणि वागणूक बदलण्याचा मानसोपचार, आणि आपल्या शरीराकडे न घाबरता लक्ष देण्याचा सराव. २७२ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. दुसऱ्या एका चाचणीत या विणीत निसर्गाचा धागा घातला गेला. १६९ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि शिवाय बारा आठवडे, गटाने, दोन-दोन तासांची मोकळ्यावरची सत्रं. त्या सत्रांत योग होता, दोन काठ्या टेकत चालण्याचं नॉर्डिक वॉकिंग होतं, निसर्गाची छायाचित्रं टिपणं होतं आणि झाडांमध्ये संथपणे वावरण्याचं जपानी वनस्नान होतं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोजच्या जगण्यातली अडचण, जी त्यांनी मुख्य मोजमाप म्हणून धरली होती, दुसऱ्या गटात स्पष्टपणे अधिक घटली.

या कार्यक्रमात मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते त्याचं विणकाम. नुसतं शिक्षण दिलं, की बाईला सगळं कळतं पण अंग हलवायची हिंमत होत नाही. नुसता व्यायाम दिला, की पहिल्याच दुखण्याला ती घाबरून सोडते. नुसतं ध्यान दिलं, तर डोळे मिटून एकटीने आपल्या दुखऱ्या अंगासमोर बसणं काहीजणींना सहनच होत नाही. शिक्षणाने भीती कमी होते म्हणून पाऊल उचललं जातं. पाऊल उचलल्यावर काही मोडलं नाही हे शरीराला प्रत्यक्ष कळतं, म्हणून शिक्षण पटतं. दिवसा अंग थकलं की रात्रीची झोप थोडी खोल होते, आणि झोप खोल झाली की दुसऱ्या दिवशीचं पाऊल कमी जड पडतं. छायाचित्र टिपायला सांगण्यातही विचार आहे. शेवाळ, साल, कोळ्याचं जाळं पाहायला ती वाकते, मान वळवते, गुडघ्यावर बसते. हेच सगळं व्यायाम म्हणून सांगितलं असतं, तर तिने कदाचित भीतीने नाकारलं असतं.

आता यातली कच्ची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी इथे झाडं विकायला बसले आहे असं होईल. कोणता उपचार आपल्याला मिळतो आहे हे त्या बायकांना दिसत होतं. ते लपवणं शक्यच नसतं. तुलना नेहमीच्या उपचारांशी होती, चार भिंतींत केलेल्या अशाच कार्यक्रमाशी नव्हती. त्यामुळे सुधारणेतला किती वाटा झाडांचा, किती सोबतीचा, किती बारा आठवडे कुणीतरी नेमाने विचारपूस केल्याचा, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. कॅटलोनियातच जिरोना भागात आधी झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही रुग्ण जुन्या, दाट वनात चालले आणि काही तरुण वनात. आजाराच्या एकूण गुणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही; जुन्या वनात चालणाऱ्यांना बऱ्या दिवसांची संख्या मात्र जास्त मिळाली. वनस्नानाची कल्पना १९८२ मध्ये जपानच्या वनखात्याने मांडली, तीही आधी लोकांनी वनात यावं म्हणून. मोजमापं नंतर सुरू झाली. झाडांतून येणारा सुगंधी वायू आजार बरा करतो, अशी वाक्यं सध्या सर्रास छापली जातात. फायब्रोमायल्जियाच्या बाबतीत त्यांना आधार नाही.

तरी निसर्गाचा धागा ऐच्छिक किंवा शोभेचा आहे असं मला वाटत नाही. रॉजर उलरिच यांचा १९८४चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी जुन्या नोंदींतून लावल्या; जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांनी तीव्र वेदनाशामकं कमी घेतली आणि ते थोडे लवकर घरी गेले. ती शस्त्रक्रियेची वेदना होती, ही वेगळी. ओढूनताणून नातं जोडायला नको. पण लक्ष कुठे आहे यावर वेदनेचं बळ अवलंबून असतं, हे दोन्हीकडे लागू आहे. सतत हाकाटी करणाऱ्या यंत्रणेला शांत करायला तिला ‘गप्प बस’ म्हणून भागत नाही. तिला पाहायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं, जे पाहण्यासारखं आहे आणि घाबरण्यासारखं नाही. पानांची हालचाल, पाण्याचा आवाज, उन्हाचे कवडसे हे काम दमवल्याशिवाय करतात. मोबाइलचा पडदाही लक्ष खेचतो, पण तो दमवतो.

याहून महत्त्वाचं एक कारण मला दिसतं आणि ते आपल्या घरांशी संबंधित आहे. बाईसाठी घर ही कामाची जागा आहे. ती सोफ्यावर आडवी झाली, तरी तिला तिथून धुळीचा कपाटावरचा थर दिसतो. बाल्कनीत मोकळ्या हवेला बसली, तरी वाळलेले कपडे घडीची वाट पाहत असतात. गॅसवरच्या दुधाकडे एक कान असतोच. सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ, मुलांची ट्यूशन, कामवाल्या मावशी आज येणार की नाही, हे सगळं त्या भिंतींत भरलेलं असतं. अशा घरात योगाची चटई अंथरून ‘शरीर सैल सोडा’ म्हटलं, तर ते सैल पडणार कसं? बागेतल्या झाडाला तिच्याकडून काहीच करून नको असतं. तिथे ती कुणाची आई, सून, मॅडम नसते, आणि दोन तास तिच्या शरीरावर दुसऱ्या कुणाचा हक्क नसतो. वनातल्या सत्राचा अर्धा गुण मी तरी या सुटकेला देईन. पुरावा म्हणून हे मांडत नाही. चाचणीने ते मोजलेलं नाही. पण फायब्रोमायल्जियाच्या कोणत्याही बाईला विचारून पाहावं.

चेनचेन वांग आणि बोस्टनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१८चा अभ्यासही याच दिशेने बोलतो. २२६ रुग्णांत त्यांनी ताई ची आणि नेहमीचा दम वाढवणारा व्यायाम यांची तुलना केली. ताई ची निदान तेवढंच, काही बाबतींत जास्त उपयोगी ठरलं, आणि २४ आठवडे करणाऱ्यांना १२ आठवड्यांपेक्षा जास्त फायदा झाला. मला त्यातली हजेरीची नोंद मोलाची वाटते: ताई चीच्या वर्गाला रुग्ण जास्त टिकून येत राहिले. ज्या उपचाराला माणूस परत परत यावंसं वाटून येतो, तो उपचार या आजारात श्रेष्ठ. कागदावर कितीही उत्तम असलेला व्यायाम तिसऱ्या आठवड्यात सुटत असेल, तर त्याचा उपयोग काय?

इथे एका धोक्याबद्दल बोललंच पाहिजे. औषधाशिवायच्या उपचारांची बाजू घेणारे लोक नकळत रुग्णालाच आरोपी करतात. गोळीने गुण आला नाही, तर दोष गोळीचा. चालण्याने गुण आला नाही, तर दोष बाईचा. ‘तू नियमित करत नाहीस’, ‘मनापासून करत नाहीस’, ‘सकारात्मक राहा’. वर्षानुवर्षं आपल्या वेदनेवर कुणाचा विश्वास नाही हे सोसलेल्या माणसावर हा दुसरा अविश्वास. म्हणून मी पुन्हा त्याच मुद्द्यावर येते. उपचार म्हटलं की तो देणारा कुणीतरी असतो आणि गुण आला नाही तर त्यालाही जाब विचारता येतो. मात्रा चुकली का, सत्राची वेळ चुकली का, थायरॉइड, रक्तक्षय, ड जीवनसत्त्व यांची तपासणी राहून गेली का, सोबत नैराश्य आहे का, हे पाहण्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते. सल्ला देणारा मोकळा होतो.

दुसरा धोका बाजाराचा. डोंगरउतारावर बांधलेली रिसॉर्टं, तीन रात्रींची ‘हीलिंग’ची पॅकेजं, तेल, वाफ, मातीचे लेप आणि हजारोंची बिलं. तीन दिवस छान वाटतं, यात नवल नाही, घरकाम नसतं. चौथ्या दिवशी घरी आल्यावर काय? बार्सिलोनाचा प्रयोग सार्वजनिक रुग्णालयाने केला, बारा आठवडे केला, आणि बायका प्रत्येक सत्रानंतर आपापल्या घरीच परतत होत्या. बदल घडवायचा होता तो त्याच घरातल्या जगण्यात. आपल्याकडे निसर्गोपचाराची परंपरा आहे. उरुळी कांचनचा आश्रम १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केला तो गरिबांना परवडणारे उपचार मिळावेत म्हणून. त्या हेतूची आठवण मला इथे उपयोगाची वाटते. तिथल्या प्रत्येक उपायाचा या आजारात उपयोग सिद्ध झाला आहे, असा दावा मात्र मी करणार नाही.

दुसऱ्या देशांनी हे व्यवस्थेत बसवायला सुरुवात केली आहे. कॅनडात २०२० पासून डॉक्टर अधिकृत चिठ्ठीवर निसर्गात घालवायचा वेळ लिहून देतात. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने सात भागांत हरित उपक्रमांकडे रुग्ण पाठवण्याचा प्रयोग २०२१ मध्ये सुरू केला, मुख्यतः मानसिक आरोग्यासाठी. तिथे डॉक्टर आणि उपक्रम यांच्यामध्ये दुवा म्हणून एक पगारी माणूस असतो. तो रुग्णाला फोन करतो, पहिल्या दिवशी बरोबर जातो, आली नाही तर का आली नाही ते विचारतो. सगळी किमया त्या माणसाची आहे, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात हे करायला कारण आहे का? पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण आपल्याला रोहित पक्ष्यांमुळे माहीत असतं. वेदनाशास्त्रात ते गाव दुसऱ्या कारणाने ओळखलं जातं. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या गटाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातल्या कार्यक्रमाखाली भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोक अशा वेदनेने त्रस्त निघाले, आणि त्यांतल्या पुष्कळांचं दुखणं संधिवाताच्या कोणत्याही ठरलेल्या प्रकारात बसत नव्हतं. त्या सगळ्यांना फायब्रोमायल्जिया होता असं म्हणणं चूक ठरेल; शेतातलं वाकून केलेलं काम, कमी खाणं, रक्तक्षय, सगळंच त्यात असणार. पण ज्याला नाव नाही, ज्याचा फोटो निघत नाही अशा अंगदुखीचा डोंगर खेड्यातही आहे, ती शहरी सुखवस्तू बायकांची कुरकुर नाही, एवढं भिगवणने दाखवून दिलं.

साधनं आपल्याकडे कमी नाहीत. गावात बचत गट आहेत; बायका आधीच ठरलेल्या वारी एकत्र बसतात. आशाताईंना घरंदारं ठाऊक असतात. फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना अनुभव हवा असतो. योग शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, फक्त त्यांना हे शिकवावं लागेल, की या बाईला आसनात ताणून धरायचं नाही, ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणायचं नाही. आठ-दहाजणींचा गट, एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, मधूनमधून एक समुपदेशक, बारा आठवडे, आणि सावलीची जागा. एका वायफळ एमआरआयच्या खर्चात एका रुग्णाची सगळी सत्रं सहज बसतील. अडचण अशी, की आपला आरोग्यविमा मुख्यतः खाटेशी बांधलेला आहे. रुग्णालयात दाखल झालात, तर पैसे; आपल्या पायांनी चालत बरे होऊ लागलात, तर तुमचं तुम्ही पाहा.

जागेचा प्रश्न तर थेट महापालिकांच्या दारात जातो. पुण्याच्या टेकड्यांवर रस्ता काढायचा की नाही, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचं काय करायचं, हे वाद पर्यावरण आणि वाहतूक यांच्यातले म्हणून मांडले जातात. त्यात आरोग्यखात्याचं मत कुणी विचारत नाही. विचारावं. शहरातली टेकडी ही ओपीडी आहे, असं धरून नकाशा काढला, तर चढ नसलेली एक वाट, दर दोनशे पावलांवर पाठ टेकायला बाक आणि स्वच्छ स्वच्छतागृह या गोष्टी त्यात आपोआप येतील. आतड्यांचा त्रास असणाऱ्या या रुग्णांपैकी किती जणी निव्वळ स्वच्छतागृह नाही म्हणून घराबाहेर पडत नाहीत, हे बागा आखणाऱ्या पुरुषांच्या ध्यानात येत नाही.

आणि वेळ. आपली सगळी व्यायामसंस्कृती पहाटेची आहे. प्राणायाम पहाटे, हास्यक्लब पहाटे, टेकडी पहाटे. उशिरा फिरायला येणारा आळशी. पण फायब्रोमायल्जियात सकाळ हीच सगळ्यात वाईट. अंग लाकडासारखं कडक झालेलं असतं आणि ते सुटायला दोन-तीन तास जातात. बहुतेक रुग्णांना त्यातल्या त्यात बरं वाटतं ते साधारण दहा ते दोन-तीनच्या दरम्यान. उन्हाळ्याचे तीन महिने सोडले, तर सावलीत बसायला-चालायला ही वेळ आपल्या हवेत वाईट नाही, आणि घरातले कामाला, शाळेला गेलेले असल्यामुळे बाईला हीच वेळ काढता येते. नेमक्या या तासांना आपल्या शहरांतल्या कितीतरी महापालिका उद्यानांच्या फाटकाला कुलूप असतं. बाग सकाळी उघडते, दुपारपूर्वी बंद होते आणि चारनंतर पुन्हा उघडते. प्रेमी युगुलं बसतात, टवाळ पोरं येतात, अशी कारणं दिली जातात. प्रत्येक प्रभागातली एक बाग आठवड्यातून तीन दिवस अकरा ते एक उघडी ठेवायची, त्या वेळेला एक महिला सुरक्षारक्षक आणि एक फिजिओथेरपिस्ट तिथे द्यायची, आणि जवळच्या पालिका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर त्या बागेचं नाव, वार आणि मिनिटं लिहायची. उद्यान विभाग आणि आरोग्य विभाग दोन्ही एकाच महापालिकेचे आहेत. या एका पत्रकावर दोघांच्या सह्या व्हायला नवा कायदा लागत नाही.